त्यांना नाही झेपायचं

४ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार-चमत्कार शेवटी, आधी काम. दुपारची वेळ, मालक जेवायला गेलेत, आणि मी चष्म्यांच्या काउंटरमागे बसून हे लिहितेय. समोर एका आजोबांचा चष्मा पडलाय. त्यावरच झोपले आणि काडी मोडून घेतली. आता सकाळपासून तिसऱ्यांदा येऊन विचारून गेले, "झाला का?" चष्म्याशिवाय त्यांना मी दिसत नाही, त्यामुळे मी मान हलवते ते त्यांना कळत नाही.

फोनच केला असता. पण घरी तुमचे दादा सतत आसपास, आणि दुकानात मालकांचे कान.

तर माझी एक मैत्रीण आहे. तिचा नवरा अपघात झाल्यापासून घरी असतो, सरकारी अपंगत्व विम्याच्या महिन्याच्या पैशांवर. परवा विमा कचेरीतून एका बाईंचा फोन आला. नवीन योजना आहे म्हणे. ज्यांना पुन्हा काम करून बघायचंय त्यांना मदतीला माणूस देणार, जमेल असं काम शोधून देणार, आणि काम लागलं तरी विमा लगेच तोडणार नाही. तुमचं खातं असल्याच योजना तपासतं ना? म्हणून विचारते. समजा मैत्रिणीनं नाही म्हटलं, तर विमा बंद होतो का? चौकशी वगैरे मागे लागते का?

घरी सगळं ठीक. तुमचे दादा आता डाव्या हातानं कांदा चिरतात. एक तुकडा राईएवढा, दुसरा डोंगराएवढा. मी खाते बापडी.

तुमची वहिनी

ता. क. मैत्रीण घाबरट आहे. उत्तर लवकर द्या.

११ फेब्रुवारी

वहिनी,

मैत्रिणीला सांगा, खुशाल झोपा. नाही म्हटल्यानं विम्याच्या केसालाही धक्का लागत नाही. ही सक्ती नाही, प्रयोग आहे. विम्यावर असलेल्यांचे आम्ही दोन गट केलेत, चिठ्ठ्या टाकून करावेत तसे. एका गटाला ही मदत देऊ करायची, दुसऱ्याचं आहे तसं चालू ठेवायचं. मग बघत राहायचं की मदत मिळालेले लोक जास्त संख्येनं कामाला लागतात का, टिकतात का, तब्येत बिघडते की सुधारते. माझं काम फक्त बघण्याचं. कोणाला ओढायचं नाही, कोणाला अडवायचं नाही.

पण खरं सांगू? तुमच्या मैत्रिणीचं वाचताना मला दादाच दिसत होता. त्याला आला असा फोन तर किती बरं होईल! आयुष्यभर या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्रक नेणारा माणूस, चार वर्षं घरात बसून कुजतोय. मागच्या खेपेला आलो होतो तेव्हा तो खिडकीशी उभा राहून रस्त्यावरच्या गाड्या बघत होता. मला बघवलं नाही. वहिनी, फोन आलाच तर त्याला हो म्हणायला लावा. तुमचं तो ऐकतो.

मी बरा आहे. जेवण वेळेवर घेतो हे खोटं आहे, पण तुम्ही विचारण्याआधी लिहून टाकलं.

तुमचा,
धाकटा

१९ फेब्रुवारी

भाऊजी,

कुजतोय? कोण कुजतोय?

तुमचं पत्र मी दुकानात वाचलं आणि एका बाईंच्या फ्रेमचा स्क्रू इतका आवळला की तो तुटला. माझ्या पगारातून जाईल. तो तुमच्या नावावर लिहून ठेवलाय.

मैत्रीण नाही. तुम्हाला ते कळायला हवं होतं. इतकं शिकून काय उपयोग? फोन आपल्याच घरी आला होता. मी उचलला. बाई म्हणाल्या, "त्यांच्याशी बोलता येईल का?" मी म्हणाले, "ते बाहेर गेलेत." ते स्वयंपाकघरात होते. मग त्यांनी योजना सांगितली. मी म्हणाले, "नको बाई, त्यांना नाही झेपायचं." आणि फोन ठेवला.

आता का ते ऐका. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेत होतात, तुम्हाला आठवत असेल. महिन्यातले किती दिवस तुमचे दादा घरी असायचे? यायचे, अंगाला डिझेलचा वास, दीड दिवस झोपायचे आणि उठून निघायचे. आता शिकायला बाहेरगावी असलेली आपली चिमणी बोलायला लागली तेव्हा ते दारात आले की आत ओरडत यायची, "आई, पाहुणे आले." सगळे हसायचे, तेही हसायचे. मी नंतर न्हाणीघरात जाऊन रडायचे.

मग ट्रकवरचा तो पाइपांचा ढीग घसरला आणि त्यांचा उजवा हात निकामी झाला तो झालाच. असं वैऱ्यावरही येऊ नये. त्यांना दुखतं तेव्हा माझ्या दातांना कळ येते. पण भाऊजी, त्यानंतर मला नवरा मिळाला. संध्याकाळी मी घरी जाते तर घरात दिवा असतो. भाजी फोडणीला पडलेली असते. दिवसभर कोण गिऱ्हाईक आलं ते विचारतात. परवा मला म्हणाले, "तू हसताना आधी डोळे मिटतेस, हे मला माहीतच नव्हतं." इतक्या वर्षांनी! माहीत कसं असणार, बघायला कधी होते?

तुमच्या अभ्यासात लोक कामाला लागले की चांगलं, नाही लागले की वाईट. माझ्या संध्याकाळी कुठल्या रकान्यात बसतात, सांगा.

त्यांना यातलं काही कळू देऊ नका. माझी शपथ आहे.

वहिनी

९ मार्च

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. चार कागद फाडले.

आधी कचेरीचं. माझा भाऊ या प्रयोगात आहे हे मी साहेबांना सांगून टाकलं. तुमच्या भागाचं काम आता माझ्या सहकारी बाईंकडे गेलं. त्यामुळे यापुढे मी तुम्हाला लिहितो ते फक्त धाकटा म्हणून.

"कुजतोय" हा शब्द मागे घेतो. स्क्रूचे पैसे देतो. खिडकीशी उभा असलेला माणूस मी पाहिला आणि उरलेलं मनानं रंगवलं. आम्ही कचेरीत एकमेकांना ज्या चुकीबद्दल झापतो, तीच.

पण एक बोलू का? रागावा, पण पत्र फाडू नका. तुम्ही नाही म्हणालात ते दादाच्या वतीनं. कदाचित त्याचंही नाहीच असेल. तरी ते त्याच्या तोंडून यायला हवं होतं. तुम्ही दुकानात असता तेव्हा दिवसभर तो काय करतो, काय विचार करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला नाही. संध्याकाळ तुम्ही दोघं वाटून घेता. दुपार त्याची एकट्याची असते.

शपथ पाळतोय.

धाकटा

२० मार्च

छोट्या,

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हाताचं आहे. या हाताची अजून पहिली इयत्ता चालू आहे.

तुला एक सांगायचंय, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. दीडेक महिन्यामागे विम्याच्या कचेरीतून फोन आला होता. तुझ्या वहिनीनं घेतला. मी आत कांदा चिरत होतो. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "त्यांना नाही झेपायचं."

मला आधी हायसं वाटलं. खरं तेच लिहितो. मी घाबरलो होतो. कामाला जायचं, तिथं पोरांनी माझ्या हाताकडे बघायचं, आणि चार दिवसांत परत यायचं. त्यापेक्षा हे बरं. पण रात्री अंथरुणावर पडलो आणि ते वाक्य परत परत ऐकू येऊ लागलं. नाही झेपायचं. डॉक्टर म्हणाले असते तर एवढं लागलं नसतं. ती म्हणाली. म्हणजे तिच्याही लेखी मी कामातून गेलो.

तिला बोललो नाही. ती माझ्यासाठी इतकं करते. दिवसभर दुकानात उभी राहते, पाय सुजतात. माझी कीव येते म्हणून ती हसून बोलते, हेही आता मला दिसायला लागलंय. दुपारी मी फिरायला जातो असं तिला सांगतो. खरं म्हणजे मोठ्या रस्त्यावर ट्रक थांबतात तिथल्या कठड्यावर जाऊन बसतो. हात खिशात ठेवतो, म्हणजे कुणी विचारत नाही.

तू सरकारात आहेस. तूच सांग, माझ्यासारख्याला खरंच काही झेपतं का? आणि हे तिला कळता कामा नये. तुला आपल्या आईची शपथ.

दादा

२४ मार्च

दादा,

तुमच्या घरात सगळ्यांनी मिळून माझ्या तोंडाला किती कुलपं लावायची ठरवलीत? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी अळीमिळी गुपचिळी करत उभा. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

तुला काय झेपतं हे मला ठाऊक नाही. तुझ्यासारखे हजारो लोक आम्ही मोजतो, त्यांतल्या एकाचंही उत्तर आधी सांगता येत नाही. बघावं लागतं. आणि बघायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

पण एक गोष्ट मी अधिकारानं सांगतो. हा अधिकार सरकारचा नाही, धाकट्या भावाचा आहे. समोर बस तिच्या. आणि विचार, "तू नाही का म्हणालीस?" एवढंच. दुसरं काही नको. उत्तर ऐकेपर्यंत उठायचं नाही.

तुझ्या डाव्या हाताचं अक्षर माझ्या उजव्या हातापेक्षा बरं आहे.

छोटा

६ एप्रिल

भाऊजी,

तुम्हाला सगळं माहीत होतं! दोन्हीकडचं! आणि तुम्ही गप्प बसलात. तुम्हाला ओवाळू की बदडू, ठरत नाहीये.

रविवारी सकाळी मी यांच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करत बसले होते. हे समोर येऊन बसले. एरवी इकडेतिकडे करत असतात. मला वाटलं चहा हवा असेल. तर म्हणाले, "एक विचारू? त्या फोनवाल्या बाईला तू नाही का म्हणालीस?"

माझ्या हातातून स्क्रू पडला.

"तुम्ही ऐकलंत?"

"मधे भिंत आहे, किल्ला नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलू? खरं ते बोललीस. मी कामातून गेलेला माणूस."

भाऊजी, माझा असा संताप झाला! मी ओरडले, "मी खोटं बोलत होते! तुम्हाला झेपेल म्हणूनच नाही म्हणाले मी!"

मला आता थांबता येईना. म्हटलं, "झेपलं की तुम्ही जाल. मग पुन्हा दीड दिवसाचे पाहुणे. मी तुम्हाला आत्ता कुठे ओळखायला लागलेय आणि ती बाई फोन करून सांगते, परत पाठवा!"

तर ते एकदम हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळं हसण्याचं होतं असं मी म्हणणार नाही. म्हणाले, "अगं वेडे, मला ट्रक कोण देतंय? हा हात स्टिअरिंगपर्यंत पोचेपर्यंत गाडी दरीत गेलेली असेल!"

आणि मला हे सुचलंच नव्हतं. शपथेवर सांगते. "परत कामावर" म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तो ट्रकच यायचा. दुसरं एखादं काम असू शकतं, ज्यातून माणूस संध्याकाळी घरी येतो, हे या डोक्यात शिरलंच नाही. मग आम्ही दोघं जमिनीवर रांगत तो स्क्रू शोधत होतो आणि मध्येच थांबून एकमेकांकडे बघत होतो. कठड्याचं आणि तुम्हाला लिहिलेल्या पत्राचं त्यांनी मला तेव्हाच सांगितलं.

सोमवारी त्यांनी स्वतः त्या बाईंना फोन केला. मी बाजूला उभी होते, तर हातानं मला हाकललं.

वहिनी

३० जून

छोट्या,

नोकरी लागली होती. "होती" का, ते सांगतो.

त्या फोनवाल्या सल्लागार बाई हुशार निघाल्या. त्यांनी माल वाहतुकीच्या एका कंपनीत बोलून ठेवलं. गाड्या रस्त्यावर असतात, ड्रायव्हरांचे फोन येतात, कुठला रस्ता बंद, कुठे वळायचं, गाडी बिघडली तर कोणाला गाठायचं. खोलीत बसून हे सांगायचं. मला वाटलं, हे तर मी झोपेतही करीन.

झोपेत केलं असतं. जागेपणी दिवसभर खुर्चीत बसून खांदा इतका आखडला की दुसऱ्या आठवड्यात मान फिरेना. कीबोर्डवर डावा हात एकटा धावायचा आणि मी फोन कानाखाली खांद्यानं दाबायचो. एके दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली. उठलो आणि बाहेर पडलो.

पूर्वीचा मी असतो तर कठड्यावर जाऊन बसलो असतो आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणालो असतो, छान झालं. या वेळी सरळ चष्म्याच्या दुकानात गेलो. तुझी वहिनी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होती. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. म्हणाली, "बसा. पुढचा नंबर तुमचा." बसलो. गिऱ्हाईक गेलं तसं मी म्हणालो, "नाही झेपलं." तिनं पाणी दिलं. म्हणाली, "सगळं नाही झेपलं की थोडं नाही झेपलं?"

या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता.

माझ्यादेखत तिनं त्या बाईंना फोन लावला आणि मग फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "तुमचं तुम्ही बोला." बोललो. आता ठरलंय ते असं: अर्धा दिवस, डोक्यावर अडकवायचा फोन, आणि हात टेकायला उंच खुर्ची. विमा अजून चालू आहे, तो हळूहळू कमी होत जाईल. पुढच्या सोमवारपासून परत जातो. भीती आहेच. पण ड्रायव्हर पोरं फोनवर "काका" म्हणतात आणि त्यांना माझा हात दिसत नाही.

तुझ्या कचेरीत मला काय लिहितील रे? लागला, सुटला, परत लागला?

दादा

१४ जानेवारी

प्रिय दादा आणि वहिनी,

दादा, तू विचारलं होतंस ते इतक्या उशिरा सांगतोय, कारण आमचा पहिला अहवाल काल हातावेगळा झाला. तुझ्या भागाचं मी काही पाहिलेलं नाही. एकंदर सांगतो. ज्यांना मदत मिळाली त्यांच्यातले थोडे जास्त लोक कामाला लागले. थोडेच. विमा पूर्ण सोडलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. साहेब म्हणाले, "मग योजना फळली की नाही? एका शब्दात सांगा." मी म्हणालो, "थोडी." त्यांना तो शब्द आवडला नाही. मोठ्या साहेबांना "हो" किंवा "नाही" हवं असतं.

आणि "लागला, सुटला, परत लागला" असे पुष्कळ निघाले. आधी आम्ही सुटला की त्याला अपयशात टाकायचो. माझ्या सहकारी बाईंनी भांडून ते बदलून घेतलं. सुटून परत लागलेल्यांचं आता वेगळं प्रकरण आहे, आणि अख्ख्या अहवालात ते सगळ्यांत वाचण्यासारखं आहे.

वहिनी, तुमच्या संध्याकाळींचा रकाना आमच्याकडे नव्हता. पुढच्या पाहणीत घरच्या माणसांशीही बोलायचं ठरलंय. मी सुचवलं. का सुचवलं ते कोणाला सांगितलं नाही.

काम कसं चाललंय? खांदा? दोघांनी लिहा. वेगवेगळं लिहा, पण या वेळी शपथा घालू नका.

धाकटा

२ फेब्रुवारी

भाऊजी,

काम चाललंय. खांदा काही दिवस बरा, काही दिवस वाईट. थंडीत एक आठवडा सुट्टी घ्यावी लागली, पण कंपनीनं खुर्ची दुसऱ्याला दिली नाही. विमा थोडा कमी झालाय आणि पगारानं तो भरून निघतो, जास्त काही उरत नाही. तुमच्या अहवालातल्यासारखंच, थोडं. संध्याकाळी कधी ते दमून लवकर झोपतात. तेव्हा मी एकटी जेवते आणि मला ते पहिल्यासारखं दुखतं. खोटं कशाला लिहू?

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. आमचं भांडण झालंय.

झालं असं की, काल माझ्या सुट्टीच्या दिवशी मी स्वयंपाकघर आवरलं. मिठाचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवला. हे कामावरून आले, भाजी टाकली आणि डबा शोधू लागले. मी म्हटलं, "वर आहे." तर एकदम कडाडले, "वर कशाला ठेवलास? हा खांदा असताना माझा हात पोचतो का वर? मला न विचारता माझ्या स्वयंपाकघरात हात घालायचा नाही!"

मी म्हटलं, "तुमचं कधीपासून झालं ते?"

"मी रांधतो तेव्हापासून!"

आणि दार आपटून बाहेर गेले. मी ओट्याशी उभी. डोळ्यांत पाणी आलं आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की, अपघातानंतर या माणसानं माझ्यावर आवाज चढवला तो पहिल्यांदाच. एकदाही नाही, भाऊजी. मी चुकले तरी नाही. मला वाटायचं, किती बदलले हे, किती मायाळू झाले.

परत आले तेव्हा भाजी करपली होती. मी विचारलं, "इतकी वर्षं का नाही भांडलात माझ्याशी?"

ते चपला काढत होते. मान वर न करता म्हणाले, "विम्यावर घरी बसलेल्या माणसानं कुठल्या तोंडानं भांडायचं?"

ज्या संध्याकाळी मी जिवापाड जपत होते, त्या संध्याकाळी हा माणूस माझ्या घरात पाहुण्यासारखा वागत होता, आणि मला पत्ता नाही. मी म्हटलं, "म्हणजे ती माया नव्हती? नुसती लाज होती?"

तेव्हा त्यांनी वर बघितलं. म्हणाले, "निम्मी लाज होती. ती गेली. उरलेली निम्मी अजून आहे, पण आत्ता मी तुझ्यावर चिडलोय, तर ती उद्या."

आम्ही करपलेली भाजी एकमेकांशी न बोलता खाल्ली. आज सकाळी बघते तर डबा ओट्यावर. खुर्चीवर चढून काढला असणार, एका हातानं! मी तो मधल्या फळीवर ठेवून दुकानात आले. तिथं त्यांचा हात पोचतो, मी मोजून बघितलंय. पण हे मी त्यांना सांगणार नाहीये. संध्याकाळी ते परत ओट्यावर आणतील, मग मी परत मधल्या फळीवर ठेवीन.

भांडण मस्त चाललंय, भाऊजी. तुम्ही मध्ये पडू नका.

तुमची वहिनी